पिटिशन काढून गेमचं पुढचं एक्स्पान्शन मिळतं का? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न असा आला होता की आमचा एज ऑफ एम्पायर्स २ हा राज्य उभारून लढायचा गेम खेळणारा ग्रुप आहे, त्यात मराठे यावेत म्हणून ऑनलाइन पिटिशन काढायचा विचार चाललाय, पण कंपन्या फॅन्सचं ऐकून खरंच सिक्वेल किंवा एक्स्पान्शन (त्याच गेमला जोडून येणारा नवा भाग) बनवतात का, की आपण ओरडत बसतो आणि ते त्यांना हवं तेच करतात?

मी पुण्यात गेम टेस्टिंगमधून सुरुवात केली आणि आता बरीच वर्षं कम्युनिटीच्या कामात आहे, म्हणजे खेळणारे काय बोलतात ते वाचायचं, त्यातलं कामाचं वेचायचं आणि टीमपुढे मांडायचं. तर माझं उत्तर असं की हो, ऐकतात, पण मागणीचं कमी आणि करून दाखवलेल्या कामाचं खूप जास्त. पिटिशनवर किती सह्या आहेत हे मीटिंगमध्ये एका वाक्यात सांगून होतं. चालू स्थितीतला मॉड (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेला बदल) किंवा सिनॅरिओ (एखादा ठरावीक प्रसंग खेळायला देणारा नकाशा) समोर आला की मात्र सगळे खुर्च्या ओढून बघायला येतात.

तुमच्याच गेमचं घ्या, याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. गेम १९९९ चा, द कॉन्करर्स हे एक्स्पान्शन २००० चं, आणि त्यानंतर कंपनीच्या बाजूने विषय जवळजवळ संपलेला. ज्यांनी बनवला तो एन्सेंबल स्टुडिओज तर २००९ च्या सुरुवातीला बंदच झाला. म्हणजे मागणी करायची तरी कोणाकडे? पण खेळणारे थांबले नव्हते, वूब्लीसारख्या प्लॅटफॉर्मवर रोज मॅचेस चालू होत्या आणि गेममध्ये जे जे टोचत होतं ते लोक स्वतःच दुरुस्त करत होते. युझरपॅच नावाचा फॅनने बनवलेला पॅच आला आणि जुना गेम वाइडस्क्रीन मॉनिटरवर नीट दिसायला लागला. कोणीतरी झाडं बुटकी करणारा मॉड काढला. आता हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण मूळ गेममध्ये झाडं एवढी उंच होती की त्यांच्या मागे उभा असलेला माणूस दिसायचाच नाही, तुमची लाकडं तोडणारी माणसं निवांत कामात असायची आणि जंगलाआडून शत्रूचा स्काउट कधी येऊन उभा राहिला ते कळायचंही नाही, म्हणून कोणीतरी झाडाचं चित्रच बदलून एवढंसं झुडूप करून टाकलं. आजही टूर्नामेंटच्या मॅचेस बघा, बहुतेक वेळा तीच बुटकी झाडं दिसतील. असल्या गोष्टी पिटिशनमध्ये कोणी लिहीत नाही, त्या रोज खेळणाऱ्यालाच सुचतात.

याच लोकांमधून फॉरगॉटन एम्पायर्स हा मॉड आला. बेल्जियमचा बर्ट बेकमन आणि त्याच्यासारखे काही हौशी लोक फावल्या वेळात हे करत होते, पैसे मिळायचा काही प्रश्नच नव्हता. २०१२ मध्ये मॉड बाहेर आला तेव्हा त्यात पाच नव्या सिव्हिलायझेशन्स, म्हणजे निवडून खेळायच्या संस्कृती, होत्या, इटालियन, स्लाव्ह, मग्यार, इंका आणि आपले इंडियन्स. पुढच्याच वर्षी, म्हणजे एप्रिल २०१३ मध्ये गेमची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टने स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात एचडी एडिशन आणली आणि नोव्हेंबरमध्ये हाच मॉड द फरगॉटन या नावाने अधिकृत एक्स्पान्शन म्हणून विकायला ठेवला. २००० नंतर थेट २०१३! तेरा वर्षं मेलेला म्हणून सोडून दिलेला गेम फॅन्सनी उठवून उभा केला, आणि त्याच टीमचा पुढे स्टुडिओ झाला, मग २०१५ ला आफ्रिकन किंग्डम्स, २०१६ ला राइज ऑफ द राजाज, २०१९ ला डेफिनिटिव्ह एडिशन. मला विचाराल तर २०१२ चा तो मॉड नसता तर त्यानंतरचं यातलं किती आलं असतं याबद्दल मला मोठी शंका आहे.

आता इंडियन्सबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे. २०१३ मध्ये अख्ख्या उपखंडाला मिळून एकच सिव्हिलायझेशन होती. दिल्लीचे सुलतान, चोळ, पाल, गुर्जर प्रतिहार सगळे एकाच टोपलीत, आणि सगळ्यांचं खास युनिट म्हणजे हत्तीवरचा तिरंदाज. भारतातलेच नाहीत तर बाहेरचे इतिहासवेडे खेळाडूही यावर वर्षानुवर्षं लिहीत होते, पण नुसती तक्रार करून थांबले नाहीत. भारताचे तुकडे कसे पाडता येतील, कोणाला उंट द्यायचे, कोणाला घोडदळ कमी आणि पायदळ भक्कम ठेवायचं, कोणाचं आरमार चांगलं, असे टेक ट्री (कोणाला काय काय बनवता येईल त्याचा तक्ता) सकट आराखडे लोक मांडायचे, त्यावर वाद व्हायचे, बॅलन्सचे हिशोब व्हायचे. एप्रिल २०२२ मध्ये डायनेस्टीज ऑफ इंडिया आलं. जुन्या इंडियन्सचे हिंदुस्तानी झाले, जोडीला बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर आले. द्रविडियनांना उरुमी हे लवचीक पात्याचं हत्यार वापरणारे सैनिक आणि थिरिसदै नावाचं मोठं जहाज, बंगाल्यांना रथ, गुर्जरांना चक्र फेकणारे. बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या कॅम्पेन्स, म्हणजे ओळीने खेळायच्या मोहिमा. हत्तीवरचा तिरंदाज तर एकट्याची मक्तेदारी न राहता या भागातल्या सिव्हिलायझेशन्समध्ये वाटला गेला. फॅन्सनी मांडलेलं जसंच्या तसं उचललं असं मी म्हणणार नाही, पण प्रश्न कुठे आहे आणि उत्तर साधारण कोणत्या दिशेला आहे हे त्या चर्चेनेच तयार करून ठेवलं होतं.

दख्खन मात्र त्यात राहून गेला, ही तुमच्यासारखी माझीही खंत आहे. पण मराठे मागाल तर ती मागणी या गेममध्ये टिकणार नाही, स्पष्टच सांगतो. गेमचा काळ साधारण १६०० पर्यंत येऊन थांबतो आणि महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. त्या काळाचे गेम वेगळे आहेत, एम्पायर टोटल वॉरमध्ये २००९ पासून मराठा साम्राज्य खेळता येतं, युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ मध्येही मराठे आहेत. एज ऑफ एम्पायर्स ३ च्या काळात ते चपखल बसले असते पण त्या गेमचं नवीन कंटेंट बनवणं २०२५ च्या सुरुवातीला थांबवलं गेलं. त्यामुळे पिटिशन घेऊन गेलात तर पहिल्याच वाक्याला तारखांवरून मोडीत निघेल.

देवगिरीचे यादव मात्र अगदी बरोबर बसतात आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही, सिनॅरिओ एडिटर गेममध्येच आहे. १२९६ ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी घ्या. रामदेवराय गडावर, शंकरदेव सैन्य घेऊन बाहेर, आणि वेढा पडल्यावर धान्य म्हणून गडावर चढवलेल्या गोण्यांमध्ये मीठ निघालं ही गोष्ट आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. यात गेमचा सगळा मसाला आहे. सुरुवातीला खेळाडूला अन्नाचा भरपूर साठा दाखवायचा, त्याच्या भरवशावर त्याला शेती न करता सैन्य उभं करू द्यायचं, गडाचा दरवाजा बंद झाला की एका ट्रिगरने (अट पूर्ण झाली की आपोआप चालणाऱ्या सूचनेने) साठा शून्यावर आणायचा, आणि शंकरदेवाचं सैन्य पोचेपर्यंत किती तग धरता येतो ते बघायचं. असा एक सिनॅरिओ नीट जमला, लोकांनी उतरवून खेळला, की त्याची किंमत हजारो सह्यांपेक्षा जास्त होते. मनाने सांगत नाहीये, फिल्थीडेल्फिया या नावाने ओळखला जाणारा एक खेळाडू असेच ऐतिहासिक सिनॅरिओ वर्षानुवर्षं बनवून फुकट देत होता, मार्च २०२४ मध्ये व्हिक्टर्स अँड व्हँक्विश्ड हे १९ सिनॅरिओचं अधिकृत पॅक आलं ते मुख्यतः त्याच्याच कामावर उभं आहे.

हाच गेम उलटं उदाहरणही देतो. भारताचं झालं तसं चीनचंही करा असं लोक बरीच वर्षं मागत होते. मे २०२५ मध्ये थ्री किंग्डम्स आलं, त्यात खितान आणि जुर्चेन आले त्याचं स्वागतही झालं, पण सोबत शू, वेई आणि वू ही तिसऱ्या शतकातली तीन राज्यं आली, आणि त्यांना रँक्ड मॅचमध्ये (क्रमवारीसाठीच्या ऑनलाइन मॅचमध्ये) ट्रेन करता येणारे हीरो दिले. वीस-पंचवीस वर्षं ज्या गेममध्ये ऑनलाइन मॅच म्हणजे तुमची माणसं विरुद्ध माझी माणसं एवढंच होतं तिथे एकदम हीरो! स्टीमवर रिव्ह्यूंमध्ये लोकांनी चांगलंच झोडपलं, आणि माझ्या मते खेळणाऱ्यांचं बरोबर होतं. थ्री किंग्डम्सची गोष्ट खूप लोकप्रिय आहे, विकणाऱ्याला ती हवीशी वाटणारच, पण लोक जे मागत होते ते हे नव्हतं. म्हणजे फॅन्समधून आलेला गेमसुद्धा कायम फॅन्सचं ऐकतोच असं धरून चालू नका.

आता आतून हे कसं चालतं ते थोडं सांगतो. कम्युनिटीचा माणूस आठवड्याचा रिपोर्ट बनवतो, त्यात बग वेगळे, बॅलन्स वेगळा, नवीन फीचरच्या मागण्या वेगळ्या, आणि एकंदर मूड कसा आहे ते वेगळं. आम्ही पोस्ट किती आल्या यापेक्षा वेगवेगळी माणसं किती आहेत ते बघतो कारण तेच पाच जण पन्नास वेळा लिहितात हे नेहमीचं आहे. मग ते गेममधून आलेल्या डेटाशी ताडून बघतात, लोक म्हणतात अमुक लेव्हल अवघड आहे, डेटा म्हणतो लोक ती पार करतात पण त्यानंतर गेम बंद करून परत येत नाहीत, मग खरा त्रास अवघडपणाचा नसून कंटाळ्याचा आहे हे कळतं. माझा अनुभव असा की कुठे दुखतंय हे खेळणारा जवळजवळ नेहमी बरोबर सांगतो, औषध मात्र बऱ्याचदा चुकीचं सुचवतो, म्हणून मी नवीन मुलांना सांगतो की सूचना वाचा पण तिच्या मागचं दुखणं लिहून घ्या.

आणि वेळ. याबद्दल बाहेर अजिबात कल्पना नसते. सिक्वेलचे मोठे निर्णय अगदी सुरुवातीला होतात, कथा कुठे जाणार, कॅमेरा कसा, ऑनलाइन असणार का, हे सगळं ट्रेलर येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. ट्रेलर बघून जो गदारोळ होतो तोवर आवाज रेकॉर्ड झालेले असतात, मोशन कॅप्चर झालेलं असतं. त्यामुळे सिक्वेलवर परिणाम करायचा असेल तर आधीचा गेम ताजा असताना बोललेलं उपयोगी पडतं. एक्स्पान्शनचं त्यामानाने सोपं असतं, इंजिन तयार, टीम तयार, तिथे लोकांचं म्हणणं लवकर उतरतं. एक्सकॉमचं बघा, २०१२ च्या गेमसाठी फॅन्सनी लाँग वॉर हा मॉड केला होता, गेमच जवळजवळ नव्याने रचला होता, तर तो गेम बनवणाऱ्या फिरॅक्सिसने २०१६ ला एक्सकॉम २ काढताना त्याच लोकांकडून मॉड बनवून घेतले आणि गेमच्या पहिल्या दिवशी दिले.

ट्रेलरनंतरच्या गदारोळाने काय होतं याचं आपल्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया द सँड्स ऑफ टाइमचा रीमेक. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला, काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या टीमकडे होतं, जानेवारी २०२१ ची तारीख दिली होती. ट्रेलर आला आणि ग्राफिक्स जुनाट दिसतात म्हणून लोक तुटून पडले. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे गेली, आणि मे २०२२ मध्ये प्रोजेक्ट युबिसॉफ्टच्याच कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या टीमकडे गेला. इथल्या इंडस्ट्रीत काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच ते लागलं होतं. ट्रेलरमध्ये जे दिसलं ते कमी पडत होतं हे मी नाकारत नाही, पण चर्चा चेहरे आणि लायटिंगवरून घसरून भारतीय टीमला जमतच नाही इथपर्यंत गेली, आणि त्यातून गेमला काहीही मिळालं नाही. अमुक सीनमध्ये प्रकाश सपाट आहे हे आर्टिस्टला वापरता येतं, तुमची लायकी नाही याचं तो काय करणार?

मास इफेक्ट ३ चं प्रकरण बहुतेकांना माहीत असेल. मार्च २०१२ ला गेम आला, शेवट लोकांना अजिबात पटला नाही कारण तीन भाग घेतलेले सगळे निर्णय शेवटी लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांवर येऊन संपत होते. फॅन्सनी आंदोलन उभं केलं पण कसं, तर चाइल्ड्स प्ले या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला ८० हजार डॉलरच्या वर देणगी जमा केली, आणि गेम बनवणाऱ्या बायोवेअरला सुमारे चारशे कपकेक पाठवले, त्यांच्यावर तीन रंगांचं आयसिंग आणि चव मात्र सगळ्यांची एकच, व्हॅनिला. मला हे आजही जबरदस्त वाटतं, कारण तक्रार नेमकी काय आहे ते एका घासात कळत होतं. २६ जूनला एक्स्टेंडेड कट फुकट आला. नीट बघा काय मिळालं ते, शेवट बदलला नाही, होता तोच शेवट जास्त सीन घालून उलगडून दाखवला. आणि याच मालिकेत शांतपणे झालेला बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००७ च्या पहिल्या भागात गॅरस आणि टाली हे नुसते साथीदार होते, लोक त्यांच्या प्रेमात पडले, सतत लिहीत राहिले, आणि २०१० च्या दुसऱ्या भागात दोघांशी प्रेमकथा करता आली. तेव्हा दुसरा भाग लिहून व्हायचा होता, म्हणून ते शक्य झालं.

करून दाखवण्याला सुद्धा नशीब लागतं हे पण सांगायला हवं. ख्रिश्चन व्हाइटहेड हा ऑस्ट्रेलियातला सॉनिक या गेम मालिकेचा फॅन, २००९ मध्ये त्याने स्वतःच्या इंजिनवर सॉनिक सीडी आयफोनवर चालवून दाखवला. सॉनिकची मालक कंपनी सेगाने केस करण्याऐवजी त्यालाच काम दिलं, २०११ ला तो अधिकृत बाहेर आला आणि २०१७ मध्ये त्याने इतर फॅन डेव्हलपर्सबरोबर सॉनिक मेनिया केला, ज्याला त्याच वर्षी खुद्द सॉनिक टीमने काढलेल्या सॉनिक फोर्सेसपेक्षा कितीतरी चांगले रिव्ह्यू मिळाले. संगीत टी लोपेसचं, तो आधी यूट्यूबवर सॉनिकच्या ट्यून्सचे रीमिक्स टाकायचा. याउलट अर्जेंटिनाच्या मिल्टन गुआस्तीने वर्षानुवर्षं खपून मेट्रॉइड २ चा रीमेक केला, ऑगस्ट २०१६ मध्ये फुकट दिला, आणि लगेच मेट्रॉइडची मालक कंपनी निन्टेंडोने तो उतरवायला लावला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये निन्टेंडोचा स्वतःचा मेट्रॉइड समस रिटर्न्स आला, तोही मेट्रॉइड २ चाच रीमेक. गुआस्तीला नंतर ओरी अँड द विल ऑफ द विस्प्सवर काम मिळालं, म्हणजे कौशल्य वाया गेलं नाही, पण त्याचा गेम गेला. दोघांची मेहनत सारखीच, फरक समोरच्या कंपनीचा. म्हणून काम सुरू करायच्या आधी त्या कंपनीचा इतिहास बघून घ्या.

स्पिन-ऑफचा, म्हणजे एका गेममधून निघालेल्या वेगळ्या गेमचा, सगळ्यात लांबचा प्रवास तर आपल्याकडे प्रत्येक गावात पोचलाय. चेक कंपनीचा आर्मा २ हा गेम, त्यावर डीन हॉलने डेझी हा मॉड केला, त्यावर ब्रेंडन ग्रीनने बॅटल रॉयल (शेवटी एकच उरेपर्यंत लढायचं) मॉड केला, त्याला कोरियाच्या ब्लूहोलने बोलावून घेतलं आणि २०१७ ला पबजी आला, मग मोबाइलवर, सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी, आणि जुलै २०२१ मध्ये खास भारतासाठी बीजीएमआय. एसटी स्टँडवर बसून बीजीएमआय खेळणाऱ्या पोरांना हे माहीत असायचं कारण नाही, पण त्यांच्या हातातला गेम मुळात मॉडवर केलेला मॉड आहे.

कायद्याचं आणि हक्काचं थोडक्यात सांगून थांबतो, कारण ग्रुप करून काम करणारे इथेच फसतात. कथा किंवा कल्पना कंपनीला ईमेलने पाठवू नका, बऱ्याच ठिकाणी अशा न मागितलेल्या कल्पना उघडायच्याच नाहीत असा नियम असतो, उद्या तसंच काही गेममध्ये आलं तर वाद नको म्हणून. सिनॅरिओ, मॉड, मॅप हे खुलेआम प्रसिद्ध करा. मायक्रोसॉफ्टच्या फॅन कंटेंटच्या नियमांमध्ये त्यांच्या गेमवर आधारित फुकट गोष्टी करायला बऱ्यापैकी मोकळीक आहे, विकायला नाही, त्यामुळे उत्साहात पेड करू नका. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, ब्लिझार्डच्या वॉरक्राफ्ट ३ वरच्या एका कस्टम मॅपमधून डोटा हा गेम तयार झाला आणि तो धंदा वाल्व्ह या दुसऱ्या कंपनीकडे गेला, तर २०२० मध्ये वॉरक्राफ्ट ३ ची नवी आवृत्ती रीफोर्ज्ड काढताना ब्लिझार्डने नियमच असा केला की खेळाडूंनी बनवलेल्या मॅपची मालकी कंपनीची. हे वाचल्याशिवाय वर्षभर खपू नका. आणि ग्रुपमध्ये कोणी काय केलं, चित्र कोणाचं, आवाज कोणाचा, संवाद कोणी लिहिले, कुठून काही उचललं असेल तर कुठून, हे पहिल्या दिवसापासून एका शीटमध्ये लिहून ठेवा, कारण कंपनीने कधी संपर्क केलाच तर त्यांचा वकील सगळ्यात आधी तेच मागतो आणि दोन वर्षांनी ते कोणालाच आठवत नसतं.